निस्तानेसरांचा गोठा

निस्तानेसरांसोबत वर्ध्यात पायी कुठं जायचं म्हणजे दहा मिनिटांच्या रस्त्याला तास गेला समजा. वाटेत जेवढी जनावरं भेटतील तेवढ्यांच्या कानाला हात लावल्याशिवाय हा माणूस पुढं सरकत नसे. बसस्टँडवर म्हैस उभी दिसली तर बस सुटली तरी बेहत्तर, सर आधी तिच्या कानाच्या मुळाशी बोटं टेकवणार, गार आहे की गरम ते पाहणार, पाठीवर एक थाप मारणार आणि मग आपली बस कुठं लागली ते विचारणार. लग्नाला जाताना नव्या सदऱ्याच्या खिशातही थर्मामीटर. मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा भेटायला गेले, तर माझा नमस्कार घेता घेता म्हणाले, "डोळे खोल गेले वं तुह्ये. दिवसभर पाणी पेत नाई का?" डोळे खोल गेलेत का, हे आम्ही जनावरांचे डॉक्टर हगवण लागलेल्या वासरात बघतो. मला असा राग आला! पण पाणी प्यायले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. पेपरात फोटो आला. खाली 'सेवानिवृत्त पशुधन विकास अधिकारी' असं छापलं होतं. यातून काय कपाळ कळणार कोणाला? म्हणून हे लिहायला बसले.

जनावरांच्या डॉक्टरची नोकरी म्हणजे एकट्याची नोकरी. माणसांच्या डॉक्टरला अडलं तर तो शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला विचारतो. आमच्या दवाखान्यात शेजारच्या खोलीत खुराकाची पोती असतात. समोर गाय पडलेली, तिचा मालक, मालकाची सगळी गल्ली, आणि मालकाचा एक साळा, ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. अशा वेळी "मला समजून नाही राह्यलं" हे कोणाजवळ म्हणायचं? सरांनी त्याचीच सोय केली होती. नोकरीत असतानाच त्यांनी जिल्ह्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांची एक मेलची यादी सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं 'गोठा'. एका पत्त्यावर मेल टाकायचा, तो आधी सरांकडं जायचा, सरांनी पास केला की सगळ्यांच्या मेलबॉक्सात पडायचा. हयात सरकारी नोकरीत गेलेली, त्यामुळं प्रत्येक मेलच्या डोक्यावर सरांच्या हातचा एक शब्द असायचाच: मंजूर.

पण मंजुरी काही सुखासुखी मिळत नसे. आधी जनावर कोणतं, वय काय, व्यालं कधी, खाते का, रवंथ करते का, कान गार की गरम, हे सगळं ओळीनं लिहा, मग आपलं दुखणं सांगा. यातलं एक जरी राहिलं तर मेल परत. बरेचदा असं व्हायचं, की परत आलेला मेल नीट लिहायला म्हणून माणूस पुन्हा गोठ्यात जायचा, जनावराला हात लावायचा आणि मेल न पाठवताच सुई भरायला घ्यायचा. आणि एक नियम सगळ्यांना होता. आलेल्या प्रश्नाला दिवस मावळायच्या आत कोणी ना कोणी उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर सर एकेकाला फोन लावत. "जनावराले त बोलता येत नाई. त्याचा डॉक्टर बोलून राह्यला, त्याले तरी ओ द्या ना बाप्पा!"

माझी पहिली पोस्टिंग आर्वीकडं. एका शेतकऱ्याचा गवळाऊ जातीचा बैल, देखणा, पांढराशुभ्र, आठवडाभर चारा सोडून बसला होता. ताप नाही, पोट फुगलेलं नाही, काही नाही. मी घाबरून मेल केला. विषय लिहिला 'अर्जंट'. लगेच परत. खाली सरांची ओळ: "अर्जंट हे कोणत्या जनावराचं नाव हाय?" दातओठ खात सगळं ओळीनं लिहिलं, तेव्हा पास झाला. पण खाली सरांचा एकच प्रश्न होता. "बैल उतारावर चालवून पाह्यला का?"

मला वाटलं, म्हातारा थट्टा करून राह्यला. तरी बैल नाल्यावर नेला. सगळी गल्ली मागं. सपाटीवर बरा चालला. उतार लागला तसा चारी पाय रोवून उभा राहिला, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढली आणि असा कण्हला की मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटात तार गेली होती. उतारावर पोटाचं ओझं पुढं सरकतं आणि तार टोचते. नागपूरला ऑपरेशन झालं, कुंपणाची तार निघाली. साळा म्हणाला, "मी पह्यलेच म्हटलं होतं." सरांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यात लिहिलं: "आर्वीकडं वैशालीनं बैल उतारावर चालवला. तार सापडली. सगळ्यायनं तिच्यापासून शिका." स्वतःचं नाव कुठंच नाही. तो मेल मी आईला वाचून दाखवला होता.

घरी मात्र सर अगदीच निराळे. कुसुमकाकूंनी काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही, नजर त्या कॉम्प्युटरवर. एकदा काकूंचं डोकं फिरलं. शेजारच्या पोरीला बसवून त्यांनी गोठ्यात मेल टाकला. "विषय: घरधनी. जात: देशी. वय साठीकडं. खाणं चांगलं. रवंथ दिवसभर. कान असून ऐकू येत नाही. बाजारातून भाजी आणायला सांगितली होती, हात हलवत आला. काय करावं?" सरांनी तो मेल न हसता पास केला. वर 'मंजूर' होतंच. जिल्हाभरातून औषधं सुचवणारी उत्तरं आली. देवळीच्या एका डॉक्टरनं तर वेसण घालायला सांगितली. काकू कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती उत्तरं वाचून दाखवायच्या आणि सर बाजूला बसून चहात गोरसपाकाची बिस्किटं बुडवायचे.

सर रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात काकू गेल्या. मुलगी पुण्यात. ती चल म्हणाली, सर गेले नाहीत. वर्ध्याशेजारच्या सिंदी मेघेतल्या आपल्या घरात सरांनी एवढाच बदल केला, की आतल्या खोलीतला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला, दारातून दिसेल असा. सकाळी अंघोळ, काकूंच्या तुळशीला पाणी, आणि मग इस्त्रीचा सदरा घालून मेल उघडायला बसायचं. घरातल्या घरात इस्त्रीचा सदरा! मी चिडवलं तर म्हणाले, "ड्युटीवर गंजीफराकावर बसू का?"

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. नव्या डॉक्टर पोट्ट्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव 'व्हेट वॉरियर्स'. गुरांना सुया टोचणारे आम्ही, कसले डोंबलाचे वॉरियर्स! सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी बदल्यांच्या अफवा, संध्याकाळी कोणाचा तरी वाढदिवस. पण खोटं कशाला बोलू, सोय होती. लम्पीच्या साथीत गाठींचा फोटो टाकला की तिथल्या तिथं कळायचं. मेल कोण लिहीत बसतो? मीही नाही. गोठा ओस पडत गेला. कोणी ठरवून काही केलं नाही.

एकदा वर्ध्याला मीटिंग होती, म्हणून सरांकडं डोकावले. सदरा इस्त्रीचा, कॉम्प्युटर चालू, स्क्रीनवर काही नाही. चहा देता देता म्हणाले, "काऊन वं वैशाली, जिल्ह्यातली जनावरं सुधारली का? कोणाले काही होऊनच नाई राह्यलं!"

मी हसले. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मले कोणी काही इचारलंच नाई, त मी सकाळी उठून कायचा डॉक्टर?"

 मी त्यांना ग्रुपचं सांगितलं. वाटलं, आता वाईट वाटेल, कोणी आपल्याला घेतलं नाही म्हणून. सर म्हणाले, "मंडळी उठून दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसली, त आपण जुन्या ओट्यावर वाट पाहत बसाचं का? मलेही ने तिकडं." आठवड्याच्या आत नवा मोबाईल घेतला. मी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. जुनी मंडळी खूश, नवी पोरं जरा सावरून बसली.

आणि दुसऱ्या सकाळपासून गंमत सुरू. कोणी गुलाब टाकला, खाली सर: "मंजूर." कोणी बदलीची बातमी टाकली: "मंजूर." विनोद आला: "नामंजूर. जुना हाय." इथं काही पास करावं लागत नाही, सगळं आपोआप सगळ्यांना जातं, हे मी फोनवर तीनदा समजावलं. "हाव हाव," म्हणायचे, आणि हात पुन्हा तेच करायचा. पोरांना मजा वाटायची. मुद्दाम फालतू काही टाकून सरांच्या मंजुरीची वाट बघायची. चाललं होतं छान.

आमच्यात आंजीचा प्रफुल्ल म्हणून डॉक्टर होता, नोकरी सेलूकडं. गोठ्यात त्याचे मेल नमुन्यासारखे असायचे, एक गोष्ट सुटलेली नसायची. सरांचा भारी जीव त्याच्यावर. एका सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला. "माझे बाबा आज पहाटे गेले. दुपारी आंजीला अंत्यविधी." आणि त्याच्या खाली, सगळ्यात पहिलं, सरांचं: "मंजूर."

मी ते पुन्हा वाचलं, तेच होतं. ग्रुप एकदम चिडीचूप. ना गुलाब, ना हात जोडलेले. मग कोणा शहाण्यानं लिहिलं, 'सर, जरा बघून.' थोड्या वेळानं ती बारीक ओळ दिसली, की निस्तानेसर ग्रुपमधून बाहेर पडले. फोन लावला तर बंद.

दुपारी मी आंजीला गेले. माती देऊन माणसं परतली होती, कडुलिंबाचा पाला चावून अंगणात बसली होती. मी बायकांत ओसरीवर. एवढ्यात फाटकातून सर आले. बसनं आले होते, धुळीनं माखलेले. सरळ प्रफुल्लच्या समोर जाऊन उभे राहिले.

"प्रफुल्ल, माह्या हातून लय वाईट झालं बे. तू मोबाईल पाह्यला का?"

"नाई सर. काय झालं?"

सरांनी सगळं सांगितलं. चार लोकांसमोर, आवाज न लपवता. न वाचता लिहिलं, हेही सांगितलं. प्रफुल्लनं एकच विचारलं.

"म्हणजे माहे मेल तुम्ही वाचतच नव्हते सर?"

"वाचो ना बाप्पा! सगळ्यायचे आधी वाचो आन् मंग पास करो. तुह्या एकट्याचं आधी पास करो आन् मंग चहा घेऊन निवांत वाचो. तुह्या लिहिण्यात काही चुकीचं असन, असं मले कधी वाटलंच नाई रे." एवढं बोलून सरांनी आपला उजवा हात पुढं केला. "तुहं नाव दिसलं, आन् हात चालला."

सकाळपासून कोरडा बसलेला प्रफुल्ल तेव्हा रडला. सरांच्या खांद्यावर डोकं ठेवून, लहान पोरासारखा हमसून हमसून. सर त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. माझ्या शेजारी त्याची आई बसली होती. ती म्हणाली, "रडू दे, मोकळा होईल." म्हणजे तिथं कोणाचंच मन दुखावलेलं नव्हतं. पण सरांना हे पटवणार कोण?

ते ग्रुपवर परत आले नाहीत. मोबाईल कपाटात गेला. मी भांडले, चिडले, अबोला धरायची धमकी दिली. एकच उत्तर. "आता नाई वं. माह्या हाताची सवय जुनी झाली. आज त्याच्या बापावर पडला, उद्या अजून कोणाच्या घरावर पडन." कॉम्प्युटरवरही कापड टाकलं होतं. सदरा इस्त्रीचा नव्हता, ते मला सगळ्यात जास्त लागलं. माणूस बाजूला पडला, आणि ते त्यानं मान्यही करून टाकलं. प्रफुल्लनं ग्रुपवर लिहिलं, "आमच्यात काही नाही, सर घरी येऊन गेले. सर परत यायला पाहिजेत." सगळ्यांनी अंगठे दाखवले. अंगठे दाखवायला काय जातं!

प्रफुल्लच्या बाबांची तेरवी आटोपल्यावर एका रविवारी त्याचा मला फोन आला, सरांकडं जाऊ म्हणून. माझी गडचिरोलीला बदली झाली होती, भेटून जायचंच होतं. गेलो. इकडतिकडच्या गोष्टी झाल्या. मग प्रफुल्लनं आपला मोबाईल सरांसमोर धरला. कारंज्याकडं नवीनच लागलेली अंकिता म्हणून एक मुलगी होती, तिचा सकाळचा मेसेज. वासराचा फोटो, तोंड उघडं, जीभ बाहेर. 'प्लीज कोणीतरी सांगा.' खाली जोडलेले हात, 'गेट वेल सून', आणि एक गुलाब.

सरांनी चष्मा लावला. फोटो पाहिला, खालचं सगळं पाहिलं. त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"सकाळपासून पोरगी एकटी उभी हाय तिथं? एकाही लेकाच्यानं ओ नाई दिली?"

"मी तुमच्याकडं घेऊन आलो ना सर."

"आन् ह्या फोटोत काय दिसते? वासरू दिसते. श्वास दिसते का? इचार तिले."

"तुम्हीच इचारा. लिहायचं नाई, नुसतं बोलायचं," असं म्हणून प्रफुल्लनं आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरला. सर दचकले. मग फोनवर बोलतात तसं, "हॅलो. मी निस्ताने बोलून राह्यलो. पोरी, घाबरू नको. मोबाईल वासराच्या बरगडीले लाव, पुढच्या पायाच्या कोपराच्या मागं. आधी डावीकडून, मंग उजवीकडून. गल्लीतल्यायले चूप बसव, आन् मले आयकव."

ते गेलं, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. आम्ही तिघं त्या मोबाईलकडं पाहत बसलो. थोड्या वेळात उत्तर आलं. आधी अंकिताचा रडवेला आवाज, "सर, आयकवते," आणि मग नुसता श्वास. सरांनी मोबाईल कानाला लावला आणि डोळे मिटले. पुन्हा लावला. पुन्हा. मग म्हणाले, "उजवीकडं खळखळ हाय. पोरी, आता घरच्यायले बाजूले घे. रागावू नको बरं, रागावलीस त कोणी खरं सांगणार नाई. इचार, काल याले तेल पाजलं का कोणी? जीभ धरून, बांबूच्या नळीनं?"

उत्तर आलं. आजीनं पाजलं होतं, पोट साफ व्हावं म्हणून. ते तेल पोटात न जाता फुप्फुसात गेलं होतं. सर औषध सांगायला लागले, किती, कसं, वासरू कोणत्या कुशीवर ठेवायचं. मध्येच देवळीच्या डॉक्टरांचा आवाज आला, त्यांनी असंच एक वासरू पाहिलं होतं, ते सांगत होते. मग पुलगावहून कोणी बोललं. कोणीही फूल टाकलं नाही. ते वासरू पुढं वाचलं. पण ते आम्हाला नंतर कळलं.

माझ्या बसची वेळ झाली. "निघते सर," म्हटलं. मोबाईल कानाला होता, पलीकडं कुठं तरी वासरू श्वास घेत होतं. त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला, थांब म्हणून की जा म्हणून, कोण जाणे. प्रफुल्ल आपला मोबाईल तिथंच सोडून माझ्यासोबत बाहेर आला. एरवी सर माणसाला कधी फाटकापर्यंत सोडल्याशिवाय राहिले नाहीत. भर उन्हात यायचे आणि आपण वळणाआड होईपर्यंत तिथंच उभे राहायचे. मी फाटक लावून मागं वळून पाहिलं. उघड्या दारातून ते दिसत होते, गंजीफराकावरच, मान तिरपी करून ऐकत असलेले. माझ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मला इतका आनंद झाला, की रस्त्यानं जाताना मी रडत होते हे प्रफुल्लनं सांगितलं तेव्हा मला कळलं.